पाच वर्षं की तीन अधिक तीन?



'कायद्याचं शिक्षण' या विषयावर बोला, असं संयोजकांनी कळवलं तेव्हा मी तो विषय मुद्दाम अरुंद करून घेतला. मे महिना आहे. समोर बसलेल्या बऱ्याच आईवडिलांच्या डोक्यात सध्या एकच हिशेब चालू असणार. बारावीनंतर लगेच पाच वर्षांचं बी.ए. एलएल.बी. घ्यायचं, की आधी साधी पदवी करून मग तीन वर्षांचं एलएल.बी.? बोटांवर मोजलं तर एकीकडे पाच, दुसरीकडे सहा. एक वर्ष वाचतं. बहुतेक घरांत निर्णय इथेच होऊन जातो. माझी तक्रार या हिशेबाबद्दलच आहे.

आधी एक धास्ती बाजूला करू. दोन्ही वाटांनी मिळणारी सनद एकच. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल नाव नोंदवताना तुम्ही पाच वर्षंवाले की तीनवाले म्हणून वेगळी रांग लावत नाही. नोंदणीचं शुल्कही तेच. ते साडेसातशे रुपयांच्या वर घेता येणार नाही, अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशेच्या वर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगून टाकलं आहे. पुढची अखिल भारतीय बार परीक्षाही दोघांना सारखीच. न्यायाधीश तर तुमचा युक्तिवाद ऐकतात, मार्कशीट मागत नाहीत.

मग दोन वाटा झाल्याच कशा? आमच्या आधीच्या पिढीतल्या अनेकांनी पदवीनंतर दोन वर्षांत वकिली शिकून घेतली. १९६७ नंतर तीन वर्षांची सक्ती आली, पण वर्ष वाढलं म्हणून शिकवणं वाढलं असं झालं नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळचे वर्ग, हजेरीपटावर मित्राने केलेली सही, परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गाईड, असा बऱ्याच ठिकाणी कारभार होता. 'काही नाही तर लॉ तरी कर' हे वाक्य त्या काळाचंच. त्याला उत्तर म्हणून ऐंशीच्या दशकात बारावीनंतरचा पाच वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आला. १९८७ साली बंगळूरला नॅशनल लॉ स्कूल उभं राहिलं आणि माधव मेनन यांनी तिथे वसतिगृहात राहून, निकालपत्रं वाचून, वाद घालून शिकण्याची शिस्त लावली. आपल्याकडे मुंबई विद्यापीठात बी.एल.एस. आणि पुणे विद्यापीठात बी.एस.एल. अशा नावांनी ही जोडपदवी आली. मुंबई, नागपूर, औरंगाबादची राष्ट्रीय विधी विद्यापीठं त्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

गंमत पुढे आहे. ज्या बंगळूरने पाच वर्षांची वाट रूढ केली, त्याच संस्थेने २०२२ पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांचं एलएल.बी. सुरू केलं. उलट, वर्षानुवर्षं तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ओळखल्या जाणाऱ्या दिल्ली विद्यापीठाने त्याच सुमारास पाच वर्षांचे वर्ग काढले. दोन्ही घरांना दुसऱ्याच्या पंगतीला बसावंसं वाटलं, तेव्हा अमुक एक वाट श्रेष्ठ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नये.

इंग्लंडमध्ये शाळेनंतर थेट तीन वर्षांत कायद्याची पदवी मिळते. अमेरिकेत आधी कॉलेज पुरं करावं लागतं, मगच लॉ स्कूल. आपण मधला मार्ग काढला. बारावीनंतर तीनच वर्षांत कायदा शिकवा, अशी मागणी २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात गेली होती, ती न्यायालयाने विचारात घेतली नाही. म्हणजे आपल्यापुरत्या वाटा दोनच.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे कायदेशिक्षणाचे २००८ चे नियम आहेत. ॲडमिशनच्या वेळी माहितीपुस्तिका सगळे चाळतात, हे नियम कोणी उघडत नाही. त्यातला तेरावा नियम सांगतो की जोडपदवीला मधून आत येता येणार नाही आणि पदवी तोडून मधून बाहेरही पडता येणार नाही. म्हणजे सतराव्या-अठराव्या वर्षी तुमचा मुलगा आत गेला आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याला कळलं की आपल्याला दिवाणी प्रक्रिया संहितेचा कंटाळा येतो, तर त्याच्या हातात बी.ए. पडत नाही. तीन वर्षांच्या गुणपत्रिका पडतात. त्या घेऊन तो स्पर्धा परीक्षेचा अर्जसुद्धा भरू शकत नाही, कारण तिथे पदवी लागते. शेजारचा साधा बी.ए. झालेला मुलगा एकविसाव्या वर्षी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा देऊन बसलेला असतो. पाच आणि सहाच्या हिशेबात ही गोष्ट धरलेलीच नसते. एका वाटेवर निर्णय एकदाच करायचा आहे, दुसऱ्या वाटेवर तो तीन वर्षांनी पुन्हा करायची सोय आहे. वाचलेलं वर्ष ही त्या गमावलेल्या सोयीची किंमत.

दुसरी गोष्ट त्या जोडीतल्या 'बी.ए.'ची. चांगल्या विधी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायला अर्थशास्त्राचा जाणता प्राध्यापक असतो, इतिहासाला इतिहासाचा. अनेक संलग्न कॉलेजांत मात्र राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय पहिल्या दोन वर्षांत उरकायचे पेपर असतात. मुलं त्यांना 'प्री-लॉ' म्हणतात, त्या शब्दातच त्यांची किंमत कळते. तेव्हा दुसऱ्या विषयात मुलाला खरोखर रस असेल, तर तो विषय स्वतंत्रपणे, त्याच्या स्वतःच्या विभागात शिकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. टिळकांनी गणितात बी.ए. केलं, मग १८७९ साली एलएल.बी. झाले, वकिली केली नाही, पण १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःचा बचाव स्वतः केला. पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होते आणि संस्कृतवर त्यांची पक्की मांड होती, म्हणून १९३० ते १९६२ पर्यंत चाललेला धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास त्यांच्या हातून झाला. आता लगेच कोणी म्हणेल, त्या काळी दुसरी वाट होतीच कुठे? बरोबर आहे. या उदाहरणांनी तीन वर्षांची वाट श्रेष्ठ ठरत नाही. पुरा शिकलेला दुसरा विषय वकिलाला कुठवर नेतो, एवढंच त्यातून दिसतं.

आजच्या काळातही ते दिसतं. पेटंट एजंटच्या परीक्षेला बसायला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. बी.ए. एलएल.बी. झालेला मुलगा कितीही हुशार असला तरी त्या दाराशी थांबतो. साधी बी.एस्सी. करून तीन वर्षांचा कायदा केलेली मुलगी आत जाते. आयआयटी खरगपूरने २००६ पासून अभियंत्यांसाठी आणि विज्ञान शिकलेल्यांसाठी तीन वर्षांचं एलएल.बी. चालवलं आहे ते यासाठीच. करसल्ल्याच्या कामात बी.कॉम. किंवा सी.ए. होऊन आलेल्याला ताळेबंद समजावून सांगावा लागत नाही, हे कोर्टात रोज दिसतं. मुंबईत सॉलिसिटरच्या परीक्षेसाठी आर्टिकलशिप करणारी, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातली मुलं सकाळी कॉलेज आणि दिवसभर ऑफिस अशी तयार होतात.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, वक्त्याने कौल देऊन टाकला. तसं नाही. जोडपदवीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला पुस्तकांतून मिळाला नाही, जिल्हा कोर्टात काम करताना मिळाला. ग्रामीण आणि निमशहरी घरांत मुलगी बी.ए. झाली की घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. 'आता झालं की शिक्षण' हे वाक्य म्हणायला पदवी हे निमित्त पुरतं. मग 'लॉ सासरी गेल्यावर कर' असं ठरतं, आणि सासरी गेल्यावर ते किती जणींचं होतं हे तुम्हाला माहीत आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मध्ये पदवीचं स्टेशनच नाही. अर्धवट सोडलं तर हाती काही लागत नाही, हे एकदा बापाला कळलं की तोच म्हणतो, पुरं होऊ दे. ज्या तेराव्या नियमाबद्दल मी मघाशी तक्रार केली, तोच नियम त्या मुलीच्या बाजूने उभा राहतो. त्यामुळे अशा घरातली मुलगी मला विचारायला आली, तर बाकीचं पांडित्य बाजूला ठेवून मी तिला पाच वर्षांचंच घे म्हणून सांगतो.

क्लॅट या प्रवेश परीक्षेतून चांगल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात नंबर लागत असेल तरीही उत्तर बहुधा तेच. मोठ्या लॉ फर्म भरतीला मुख्यतः तिथे जातात. मात्र तिथली फी वर्षाला काही लाखांत असते आणि ती पाच वर्षं भरायची असते. शैक्षणिक कर्ज काढताना पाल्य कंपन्यांची वकिली करणार की तालुक्याच्या कोर्टात उभा राहणार, हे आधी विचारा. तालुक्याच्या कोर्टात पहिली दोन-तीन वर्षं ज्युनिअरच्या हातात चहापाण्यापुरते पैसे येतात. त्यातून लाखांच्या कर्जाचा हप्ता जात नाही.

न्यायाधीश व्हायचंय म्हणून पाच वर्षांचं घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. पूर्वी कायद्याचा ताजा पदवीधरही कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसू शकत असे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. वाचलेल्या वर्षाची घाई त्यामुळे थोडी कमी झाली.

आणि चाळिशी-पन्नाशीत कायदा शिकू पाहणाऱ्यांना, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्यांना, शिक्षकांना, पोलीस खात्यातल्यांना, तीन वर्षांचीच वाट सोयीची. वयाची कमाल मर्यादा घालायचा बार कौन्सिलचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगित केला, त्यामुळे ती भीती सध्या नको.

चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातली एक घेतो. 'मुलीचं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष आता संपलं. तिला कायद्याची ओढ लागली आहे. बी.एस्सी. सोडून पाच वर्षांना घालू का?' नको. मधून आत घेत नाहीत, पहिल्या वर्षापासून बसावं लागेल. झालेली दोन आणि पुढची पाच मिळून सात वर्षं होतील, आणि विज्ञानाची पदवी हातची जाईल. बी.एस्सी. पुरी करून सहाव्या वर्षाच्या शेवटी ती एलएल.बी. होते. फक्त कसंबसं पास होऊन भागणार नाही. खुल्या वर्गाला पदवीत ४५ टक्के लागतात, इतर मागास वर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी वेगळी असते. तिचा फॉर्म शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आधीच भरता येतो, तेव्हा पुढच्या वर्षी तारखेवर लक्ष ठेवा.