गर्भिणीचे चालणे

रायपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होते. तेथील मराठी वस्ती त्यामुळे जुनी आहे. छत्तीसगढी घरात सधौरी होते, मराठी घरात डोहाळजेवण. विधी निराळे, परंतु गर्भिणीला मिळणारा उपदेश एकच: जिना चढू नकोस, वाकू नकोस, दोन जिवांची आहेस.

या उपदेशामागे माया आहे आणि भीतीही आहे. ज्या घराने गर्भपाताचे दुःख पाहिले, त्या घरातील सासूबाईंना हसण्याचे कारण नाही. नवल एवढेच, की हीच सून पाण्याच्या बादल्या उचलते, दोन्ही वेळचा स्वयंपाक उभ्याने उरकते, तेव्हा तो नियम कोणाला आठवत नाही. काम केलेले चालते. फिरायला गेलेले तेवढे चालत नाही.

डॉक्टरांचे मतही स्थिर नव्हते. व्यायाम करताना गर्भिणीच्या नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत, असे अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने १९८५ साली बजावले आणि १९९४ साली ते बंधन स्वतःच काढून टाकले. प्रकृतीची अडचण नसलेल्या गर्भवतींनी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतपत. अशा चालण्याने गरोदरपणातील मधुमेहाचा व रक्तदाबाचा धोका घटतो. निरोगी गर्भिणीचा त्याने गर्भपात होतो, असे आढळलेले नाही.

रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल, अकाली कळा येत असतील, तर गोष्ट वेगळी. तेथे डॉक्टरांचाच शब्द प्रमाण. रक्तक्षयाचेही तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत छत्तीसगढमधील निम्म्याहून अधिक गर्भवतींच्या अंगी रक्त कमी आढळले. अशा स्त्रीला धाप लागते ती आळसाने नव्हे. तिला आधी लोहाच्या गोळ्या व पोटभर सकस अन्न हवे.

राहता राहिला प्रश्न वेळेचा. रायपूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. पहाटच काय ती हाती उरते. तेलीबांधा तलावाकाठी फिरण्याजोगी वाट आहे. परंतु त्याच घटकेला घरात चहा व्हायचा असतो, डबे भरायचे असतात, आणि एकटीने जावे हे कोणाच्या मनाला पटत नाही. सोबत कोणी जायचे, येथे बोलणे थांबते. वास्तविक गुडघ्यांसाठी रोज चालायला डॉक्टरांनी सासूबाईंनाही सांगितलेले असते.