आधी डळमळीत, मग कोरे

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत इयत्ता नववी-दहावीचे विद्यार्थी, इंटरमीडिएटला गेलेले माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



याच शाळेत मी दहावीपर्यंत मराठीतून शिकले आणि पुढे अनेक वर्षे हैदराबादच्या ज्युनियर कॉलेजांत बायपीसीच्या मुलामुलींना जीवशास्त्र शिकवत आले. त्यामुळे ‘नीट’च्या अभ्यासाचा प्राधान्यक्रम हा विषय संयोजकांनी सुचवला, तेव्हा मला वेगळी तयारी करावी लागली नाही. दरवर्षी जून महिन्यात जो प्रश्न माझ्यासमोर येतो तोच हा प्रश्न आहे : “मॅडम, एवढ्या सगळ्यातले आधी काय करू?”

प्रश्न रास्त आहे. वैद्यकीय प्रवेशाचा अभ्यासक्रम भौतिकशास्त्राच्या वीस, रसायनशास्त्राच्या वीस आणि जीवशास्त्राच्या दहा अशा पन्नास घटकांत विभागलेला आहे. प्रश्न १८०, वेळ १८० मिनिटे, गुण ७२०. त्यांपैकी नव्वद प्रश्न, म्हणजे ३६० गुण, एकट्या जीवशास्त्राचे. उरलेले पंचेचाळीस-पंचेचाळीस भौतिक आणि रसायन यांचे. नुसता भागाकार केला तरी काही गोष्टी उघड होतात. जीवशास्त्राच्या एका घटकामागे सरासरी नऊ प्रश्न येतात, भौतिकशास्त्राच्या एका घटकामागे सव्वादोन. म्हणून जीवशास्त्राला पहिला मान द्यावा, हे कोणीही सांगेल. पण येथवरचे गणित सर्वांनाच ठाऊक असते आणि तरीही एकाच वर्गात, एकाच शिक्षकाकडे शिकलेल्या दोन मुलांत दोनशे गुणांचे अंतर पडते. ते कशाने पडते, याविषयी मला आज बोलायचे आहे.

बाजारात ‘वेटेज’च्या याद्या मिळतात. कोणत्या प्रकरणावर गेल्या पाच वर्षांत किती प्रश्न आले, याचा हिशेब त्यांत असतो. त्या याद्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. आनुवंशिकता, मानवी शरीरक्रिया आणि परिसंस्था यांना टाळून कोणी डॉक्टर होणार नाही, एवढे त्या बरोबर सांगतात. परंतु यादीवर विसंबणाऱ्यांची दोनदा फसगत झाल्याचे आपण पाहिले आहे. २०२१ ते २०२४ या काळात दोनशे प्रश्न देऊन त्यांतले १८० सोडवण्याची मुभा होती. २०२५मध्ये ती मुभा गेली आणि ‘नको ते पाच प्रश्न सोडून देऊ’ या भरवशावर गाळलेली प्रकरणे पुन्हा दारात येऊन उभी राहिली. त्याच वर्षी भौतिकशास्त्र फार कठीण गेल्याची तक्रार देशभर झाली. त्याआधी २०२४च्या परीक्षेसाठी अभ्यासक्रमच कापला गेला. सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स ही प्रकरणे गेली. जीवशास्त्रातून पचन आणि शोषण गेले. उद्याच्या डॉक्टरांच्या प्रवेश परीक्षेतून मानवी पचनसंस्था वगळावी, यातली गंमत मला अजून पचलेली नाही. पण ते असो. सांगायचे एवढेच, की गेल्या वर्षाची यादी पुढच्या वर्षाच्या प्रश्नकर्त्यावर बंधनकारक नसते. अभ्यासाला बसण्यापूर्वी त्या वर्षीचा अधिकृत अभ्यासक्रम छापून भिंतीवर लावावा. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि तरी ते फार थोडी मुले करतात.

आपल्या तेलंगणातल्या मुलांसाठी याचे महत्त्व अधिक आहे. इंटरमीडिएटची पुस्तके वेगळी आणि ‘नीट’चा आधार असलेली एनसीईआरटीची पुस्तके वेगळी. आपल्याकडे वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे दोन स्वतंत्र विषय. प्राणिशास्त्रात झुरळाचा केवढा विस्तार! एनसीईआरटीने आपल्या सुधारित आवृत्तीत झुरळ काढून बेडूक ठेवला आहे. इंटरच्या वार्षिक परीक्षेसाठी झुरळ करावेच लागेल, पण ते मार्चपुरते आहे, मेसाठी नव्हे, हे वहीच्या त्या पानावरच लिहून ठेवलेले बरे. ज्या धड्यात दोन्ही पुस्तके जुळतात, तो धडा आधी एनसीईआरटीतून वाचावा आणि मग इंटरच्या पुस्तकातले जास्तीचे पाहावे. उलट क्रमाने वाचणाऱ्याच्या डोक्यात तपशिलांची सरमिसळ होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. पन्नास घटकांची यादी एका कागदावर लिहा. प्रत्येक घटकापुढे तीनपैकी एकच शब्द लिहायचा आहे : पक्के, डळमळीत किंवा कोरे. प्राधान्यक्रम या तीन शब्दांतून निघतो. माझा अनुभव असा की, मुले दोन प्रकारची असतात. काहींना आपले पक्के घटक पुन्हा पुन्हा घासण्यात सुख वाटते. पेशीरचना त्यांची दहा वेळा वाचून झालेली असते, अकराव्यांदा ती वाचताना अभ्यास झाल्याचे समाधान मिळते, आणि गुण एकही वाढत नाही. दुसऱ्या प्रकारच्या मुलांना कोऱ्या घटकांची धास्ती असते. रोटेशनल मोशन झालेच नाही, म्हणून ती फेब्रुवारीत सगळे सोडून त्याच्या मागे लागतात. दोघांच्याही हातून जे निसटते ते मधले, डळमळीत. आणि गुण खरोखर तेथेच सांडत असतात.

कसे ते पाहा. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला उणे एक, आणि कोऱ्या सोडलेल्या प्रश्नाला शून्य. कोऱ्या घटकावरचा प्रश्न मूल बहुधा सोडून देते. त्याचे नुकसान चार गुणांचे. पक्क्या घटकावरचा प्रश्न ते सोडवते. डळमळीत घटकावरचा प्रश्न मात्र ते सोडवते आणि चुकते. तेथे मिळू शकणारे चार गेले आणि हातातला एकही गेला. समजा, अशा तीस प्रश्नांपैकी पंधरा बरोबर आले, तर साठातून पंधरा वजा जाऊन पंचेचाळीस गुण मिळाले. तेच घटक थोडे सावरून चोवीस बरोबर आले, तर शहाण्णवातून सहा वजा, म्हणजे नव्वद. नऊ उत्तरांनी पंचेचाळीस गुण वाढवले. एखादे अवघड कोरे प्रकरण मुळापासून शिकून हाती किती प्रश्न येतात? दोन, फार तर तीन. आणि त्याला लागणाऱ्या दिवसांत तीन डळमळीत घटक सावरून होतात.

कोणी चतुर विद्यार्थी म्हणेल की, चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तरी चौथ्या वेळी बरोबर येतो, मग हिशेब तोट्याचा कसा? हिशेबाने तो तोट्याचा नाहीच. पाचात एक बरोबर आले की बरोबरी साधते. पण अर्धवट जाणणारा डोळे मिटून निवडत नाही. प्रश्नकर्त्याने त्याच्यासाठीच ठेवलेला पर्याय तो निवडतो. उदाहरण देते. धमन्यांतून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते, हे आपण शाळेत शिकलो. फुप्फुस धमनी हृदयाकडून फुप्फुसाकडे जाते आणि तिच्यातले रक्त ऑक्सिजन कमी असलेले असते, हे ज्याने एकदा वाचून सोडून दिले, तो परीक्षेत मोठ्या आत्मविश्वासाने चुकतो. ज्याने रक्ताभिसरण वाचलेच नाही तो प्रश्न सोडून देतो आणि एक गुणाने पुढे राहतो. मानवी अंडपेशीतील अर्धसूत्री विभाजन कोणत्या टप्प्यावर थांबलेले असते, हा असाच प्रश्न. वाचलेले सगळ्यांना आठवते. पहिले विभाजन बीजोत्सर्गापूर्वी पूर्ण होते आणि दुसरे शुक्राणूच्या प्रवेशानंतर, एवढे नेमकेपण फार थोड्यांकडे असते.

डळमळीत काय आहे हे कळायचे कसे? मनाला विचारून कळत नाही, कारण मनाला ते पक्केच वाटत असते. एका घटकाचे मागील वर्षांचे वीसेक प्रश्न घ्या. उत्तर लिहिताना त्यापुढे खूण करा : खात्री असेल तर बरोबरची फुली, नसेल तर प्रश्नचिन्ह. मग उत्तरे तपासा. खात्री असूनही चुकलेली उत्तरे मोजा. वीसांत अशी तीन निघाली तरी तो घटक डळमळीत समजावा, मग एकूण गुण कितीही पडलेले असोत.

जीवशास्त्र पक्के असण्याचा आणखी एक लाभ आहे, त्याची चर्चा कमी होते. सरासरीने एका प्रश्नाला एक मिनिट मिळते. पक्का जीवशास्त्राचा प्रश्न अर्ध्या मिनिटात होतो आणि उरलेले अर्धे मिनिट भौतिकशास्त्राच्या आकडेमोडीला मिळते. नव्वद प्रश्नांत अशी पंचेचाळीस मिनिटे वाचतात. भौतिकशास्त्र जमत नाही अशी तक्रार करणाऱ्या काही मुलांची खरी उणीव जीवशास्त्रात असते, ती अशी.

भौतिक आणि रसायन या विषयांत आणखी एक विचार करावा लागतो : कशावर काय उभे आहे? सदिश, आलेखाचा चढ आणि साधे कलन डळमळीत असेल, तर पुढचे अर्धे भौतिकशास्त्र डळमळीतच राहणार. न्यूटनचे नियम पक्के नसताना रोटेशनल मोशनला हात घालणे म्हणजे पाया सोडून माडी बांधणे. रसायनात मोल संकल्पना, रासायनिक बंध आणि समतोल यांची जागा हीच. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या अभिक्रिया पाठ करणारी मुले दर आठवड्याला त्या विसरतात. इलेक्ट्रॉन कोठून कोठे जातो हे सांगणारा सुरुवातीचा भाग त्यांनी ओलांडलेला असतो. हे पायाचे घटक प्रश्नसंख्येने लहान दिसले तरी आधी घ्यावेत. याउलट सेमीकंडक्टर, अणू आणि अणुकेंद्रक हे घटक आटोपशीर आहेत, इतरांवर फारसे अवलंबून नाहीत. इंटरची परीक्षा संपल्यावर मेच्या परीक्षेपर्यंत जे थोडे आठवडे मिळतात, त्यांत एखादे कोरे प्रकरण घ्यायचेच झाले तर असे घ्यावे.

आता आपल्या शाळेच्या मुलांविषयी. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका तेरा भाषांत निघते आणि त्यांत मराठी आहे. परंतु मराठी पुस्तिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. हैदराबादच्या केंद्रावर ती मिळत नाही. शिवाय भाषांतरात शंका उद्भवली तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरला जातो, आणि इंटरची दोन वर्षे आपली मुले बहुधा इंग्रजीतूनच शिकतात. म्हणून इंग्रजी पुस्तिका घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. (लातूर-नांदेडला नातेवाईक आहेत म्हणून अकरावीलाच तिकडे पाठवू पाहणाऱ्या पालकांनी तेलंगणात स्थानिक विद्यार्थी ठरण्याचे नियम आधी बारकाईने वाचावेत.)

याचा प्राधान्यक्रमाशी संबंध असा की, मराठी माध्यमाच्या मुलाच्या कागदावर खरोखर कोरे नसलेले पुष्कळ घटक कोरे दिसतात. मायॉसिस म्हटले की ते दचकते. अर्धसूत्री विभाजन त्याला येत असते. क्रोमोसोम नवा वाटतो. गुणसूत्र हा शब्द तर अर्थ पोटात घेऊनच आलेला आहे. हार्मोन म्हणजे संप्रेरक, एन्झाइम म्हणजे विकर. असे घटक नव्याने शिकण्यात महिने घालवू नयेत. दहावीची परीक्षा झाल्यावरच्या सुट्टीत दोन रकान्यांची वही घालावी, डावीकडे आपला शब्द आणि उजवीकडे त्यांचा. सुरुवात जीवशास्त्रापासून करावी, कारण शब्दांचा भार तेथे सर्वांत जास्त आहे. हायपर म्हणजे अधिक, हायपो म्हणजे उणे, एंडो म्हणजे आतले, अशी पंचवीस-तीस उपपदे कळली की शेकडो शब्द उलगडतात. आणि ‘पुढीलपैकी कोणते विधान चूक आहे’ या अर्थाची इंग्रजी वाक्ये वाचण्याचा सराव वेगळा करावा. एक ‘नॉट’ नजरेतून सुटल्याने पाच गुणांचा फरक पडतो.

पहिल्या वर्षाचे घटक दुसऱ्या वर्षी आपोआप पक्क्यातून डळमळीतात उतरतात. अर्धा अभ्यासक्रम त्याच वर्षाचा आहे. म्हणून दुसऱ्या वर्षी आठवड्यातला एक दिवस पहिल्या वर्षासाठी राखावा, शक्यतो रविवार, आणि त्या दिवशी क्लासची जादा परीक्षा असेल तर दुसरा.

पालकांना एकच विनंती. शेजारच्या मुलाचे कोणते प्रकरण झाले, हे आपल्या मुलाला विचारू नका. त्याचा कागद वेगळा आहे. ‘लाँग टर्म’ला बसलेल्या मुलांचाही वेगळा असतो, त्यांचे कोरे जवळजवळ संपलेले असते आणि डळमळीत मात्र भरपूर. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली की त्यांचे हे दुसरे वर्षही पहिल्यासारखेच जाते.

सभागृहाच्या दाराशी शाळेने पन्नास ओळींचे छापील कागद ठेवले आहेत. जाताना प्रत्येकाने एक घ्यावा. नववी-दहावीच्या मुलांनी तो तूर्त जपून ठेवावा. इंटरच्या मुलांनी आज रात्रीच भरायला घ्यावा, पण पेन्सिलने, कारण दर महिन्याला खुणा खोडून नव्याने कराव्या लागतील. काही विचारायचे असल्यास मी अर्धा तास येथेच आहे.