दिवा मंद होतो तेव्हा

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या मैत्रिणींच्या बैठकीतलं भाषण)



आज मी तुम्हाला तीन जुने, काळेपांढरे सिनेमे सुचवणार आहे. दोन हॉलिवूडचे, एक आपल्या पुण्याच्या प्रभातचा. इंग्रजी येत नाही म्हणून बिचकू नका. टीव्हीवर लागले, किंवा कुणाच्या मुलीने मोबाइलवरून टीव्हीला जोडून दिले, तर चारपाच जणींनी एकत्र बसून बघा. एकीने आधी गोष्ट सांगावी, म्हणजे झालं.

पहिला ‘गॅसलाइट’, १९४४ सालचा. दिग्दर्शक जॉर्ज क्युकर. नायिका इन्ग्रिड बर्गमन, तिला या कामासाठी ऑस्कर मिळालं. लंडनच्या ज्या घरात पॉलाच्या मावशीचा खून झाला, तिथेच नवरा तिला राहायला आणतो. तो मारहाण करत नाही. ब्रोच सापडत नाही, तूच हरवलास. भिंतीवरची तसबीर गेली, तूच काढलीस. तुला आठवत नाही, तुला बरं नाही. रोज रात्री तो बाहेर जातो आणि मागच्या वाटेने वरच्या बंद मजल्यावर येऊन मावशीची रत्नं हुडकतो. तिथे गॅसचा दिवा लावला की पॉलाच्या खोलीतला दिवा मंद होतो.

हे आपल्याला समजावून सांगायला नको. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला बल्ब पिवळा पडतो, हे आपण जाणतो. पॉलाला मात्र सगळं तुझ्या मनाचे खेळ आहेत असंच पटवलं जातं.

‘वेडी’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त आहे. सातबाऱ्यावर नाव मागितलं, कागदावर सही नाकारली, की बाईच्या ‘डोक्यावर परिणाम’ झालेला असतो. बायका मार खाल्ल्याचं सांगतात, पण इथे अडखळतात. म्हणतात, ‘ताई, खरंच माझंच चुकत असेल का?’ २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानला आहे. इंग्रजीत तर अशा छळाला या गोष्टीवरूनच ‘गॅसलाइटिंग’ म्हणतात.

पॉला सावरते कशी? एक पोलीस अधिकारी तिच्या खोलीत येतो आणि मंद झालेला दिवा त्यालाही दिसतो. तेवढ्याने तिच्या जिवात जीव येतो. पण घरात दोन बायका कामाला होत्या. स्वयंपाकिणीला कमी ऐकू येई, तरुण मोलकरीण मालकिणीला मोजत नसे. पॉलाला आधार द्यायला बाईच का मिळाली नाही, यावर जरूर बोला.

ती बाई आपल्याला ‘कुंकू’मध्ये भेटते. हा व्ही. शांताराम यांचा १९३७चा सिनेमा, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, हा संसार साफ नाकारते. तिच्या बाजूने उभी राहते ती वकिलाचीच मुलगी. ते काम शकुंतला परांजपे यांनी केलं. पुढे संततिनियमनाच्या कामासाठी त्या ओळखल्या गेल्या.

तिसरा ‘मिल्ड्रेड पिअर्स’, १९४५चा, जोन क्रॉफर्डचा. गुन्हा आणि अंधार यांच्या अशा सिनेमांना फ्रेंच समीक्षकांनी ‘फिल्म न्वार’ नाव दिलं. नवऱ्यापासून वेगळी झालेली मिल्ड्रेड हॉटेलात वाढप्याचं काम करते, मग स्वतःची हॉटेलं काढते. मुलीला आईच्या कामाची लाज वाटते. सिनेमा सुरू होतो खुनाने, पण मूळ कादंबरीत हा खून नाही! कमावत्या बाईची गोष्ट सांगायला पोलीस ठाणं का लागलं? शेवटी मिल्ड्रेड तिथून बाहेर पडते तेव्हा गुडघ्यांवर बसून फरशी पुसणाऱ्या दोन बायका दिसतात. त्यांच्याकडेही बघा.

पुढच्या बैठकीला यातला एक तरी बघून या. आणि शेजारीण म्हणाली, ‘घरचे मला वेडी ठरवतात,’ तर लगेच उपदेश नको. तिच्या घरी जा, बसा, ऐका. काय घडलं ते तारीखवार लिहून ठेवायला मदत करा. आणि ती तयार झाली की संरक्षण अधिकाऱ्याकडे तिच्यासोबत जा.