ताडोबाच्या वाटेवरील संदेशस्तंभ

समुद्रकाठी किंवा मोठ्या सरोवराच्या तीरावर वाट दाखवण्यासाठी उभारलेल्या दिव्याच्या मनोऱ्यास दीपस्तंभ म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा तलावाकाठी असा मनोरा नाही. परंतु मोहर्लीकडून तलावाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या कडेला अंतराअंतरावर उभे असलेले दगडी स्तंभ दूरवर इशारा पोचवण्याचे काम वेगळ्या रीतीने करीत असावेत. हे स्तंभ गोंड राजवटीतील मानले जातात, आणि चंद्रपूरचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेल्यामुळे त्यांचे वय किमान पावणेतीनशे वर्षे धरावे लागते.

परंपरा अशी की, स्तंभांच्या माथ्यावरून दोर ओवून त्याला घंटा बांधीत आणि राजाची स्वारी निघाली की दोर ओढून पुढे वर्दी देत. मैलोगणती सलग दोर ओढणे घर्षणामुळे अवघडच, तेव्हा टप्प्याटप्प्यावर पहारेकरी असणार, हे उघड आहे. प्रकाशाऐवजी ध्वनीची निवडही सयुक्तिक वाटते. कारण साग आणि बांबूच्या दाट रानात दिवा थोड्याच अंतरावर झाडोऱ्याआड जातो, घंटानाद मात्र वळणापलीकडेही ऐकू येतो.

ज्या तलावाकडे ही वाट जाते, त्याच्या काठी तारू या देवाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना मरण पावलेला हा गावप्रमुख देवत्वास पोचला, अशी आदिवासींची श्रद्धा असून पौष महिन्यात येथे यात्रा भरत आली आहे. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. या स्तंभांजवळून आता पर्यटकांच्या जिप्सी जातात, आणि बहुतेकांची नजर अर्थातच वाघाच्या शोधात असते.