शुभ ग्रह, अशुभ ग्रह

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

सूर्य मावळल्यावर पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला कधी कधी एक फार तेजस्वी चांदणी दिसते. तिला आपण शुक्राची चांदणी म्हणतो. ती चांदणी नसून ग्रह आहे, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण ती एवढी चमकते कशाने? शुक्राभोवती ढगांचे जाड आवरण आहे आणि त्याच्यावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊन ते परत फेकते. हे ढग आपल्या आषाढातल्या ढगांसारखे पाण्याचे नाहीत. ते गंधकाम्लाचे, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडचे आहेत. जगभरच्या कवींनी ज्या तेजावर जीव ओवाळून टाकला, ते तेज ॲसिडच्या ढगांचे आहे!

मी कविता लिहिणारा, बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस. विज्ञानाचा अधिकार माझ्याकडे नाही. पण ग्रहांशी आपल्या सगळ्यांचाच जुना घरोबा आहे. गेल्या साठ वर्षांत यानांनी या ग्रहांकडून जे निरोप आणले, त्यांनी त्या घरोब्याचे काय केले, याविषयी आज तुमच्याशी चार शब्द बोलावे असे वाटते.

आमच्या घरात ग्रहांना दोन दोन नावे होती. शाळेत बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. घरी नानांच्या तोंडी उतारिद, जुहरा, मिर्रीख, मुश्तरी, जुहल. नाना थोडी फारसी शिकलेले होते. फारसी कवितेत या ग्रहांना आकाशाच्या दरबारातली कामे वाटून दिलेली आहेत. बुध तिथला लेखनिक, शुक्र गायिका, गुरू काजी आणि मंगळ चक्क जल्लाद! शुभ-अशुभाचा हिशोबही ठरलेला. जुन्या अरबी-फारसी ज्योतिषात गुरू सर्वांत शुभ, त्याच्या खालोखाल शुक्र. शनी सर्वांत अशुभ, त्याच्या खालोखाल मंगळ. घरात पंचांग असणाऱ्यांना यात नवे काहीच वाटणार नाही.

हा हिशोब कागदावर राहत नसे, तो माणसांच्या आयुष्यात उतरे. आमच्या गल्लीत एक ताई होती. हुशार, हाताला चव असलेली, आम्हा पोरांचा अभ्यास घेणारी. पत्रिकेत मंगळ आहे म्हणून तिचे लग्न वर्षानुवर्षे अडून राहिले. आमच्याकडची काही घरेही मागे नव्हती. चंद्र वृश्चिक राशीत असला की 'कमर दर अक्रब' म्हणत आणि त्या दिवसांत निकाह ठरवत नसत. गल्ली कुठलीही असो, भीती एकाच जातीची होती. आणि ज्याला भ्यायचे तो ग्रह कसा आहे, हे मात्र कुणीच जवळून पाहिलेले नव्हते.

ते पाहायची सुरुवात शुक्रापासून झाली. ढगांमुळे त्याची जमीन दुर्बिणीतून दिसत नसे. ढग आहेत म्हणजे पाऊस असेल, दलदल असेल, कदाचित घनदाट रानेही असतील, असे कित्येकांना वाटे. डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकेचे 'मरिनर-२' शुक्राजवळून गेले. दुसऱ्या ग्रहाची खबर आणणारे ते पहिले यान. खबर होती प्रचंड उष्णतेची. पुढे १९७० च्या डिसेंबरात सोव्हिएत संघाचे 'व्हेनेरा-७' तिथे उतरले. जमिनीवरून त्याने जेमतेम २३ मिनिटे क्षीण संदेश पाठवले. तापमान सुमारे ४७५ अंश सेल्सिअस! शिसे ३२७ अंशांना वितळते, यावरून अंदाज करा. हवेचा दाब आपल्या नव्वद पट. १९८२ मध्ये 'व्हेनेरा-१३' ने तिथल्या दगडांची रंगीत छायाचित्रे पाठवली आणि दोन तासांच्या थोडे पुढे तग धरून तेही गप्प झाले.

आता गंमत पाहा. बुध सूर्याला शुक्रापेक्षा कितीतरी जवळ. तरीही अधिक तापलेला शुक्रच. याचे कारण हवा. शुक्राच्या हवेत सुमारे ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. भर उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या मोटारीत बसून पाहा, आत आलेली उष्णता बाहेर पडत नाही. मोटारीतली हवा कोंडल्यामुळे तापते, शुक्रावर हा वायूच उष्णता अडवून धरतो. पण परिणाम तोच. शुक्र आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा. आपल्याकडेही जवळपास तेवढाच कार्बन आहे, पण तो चुनखडीच्या खडकांत गाडलेला आहे. समुद्र होते म्हणून तो खडकांत बसला. शुक्रावर तो हवेत राहिला. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या, पण एकीचा संसार बसला आणि दुसरीचे घर जळाले.

दुसरा शुभ ग्रह गुरू. त्याच्याभोवती किरणोत्साराचे पट्टे इतके तीव्र आहेत की माणूस तिथे तगणार नाही. २०१६ पासून त्याच्याभोवती फिरणाऱ्या 'जुनो' यानाची नाजूक उपकरणे त्यासाठी टायटॅनियमच्या पेटीत ठेवावी लागली. त्याच गुरूचा युरोपा नावाचा चंद्र मात्र बर्फाने झाकलेला आहे आणि त्या बर्फाखाली खारा समुद्र असावा, असे पुरावे सांगतात.

आता अशुभांकडे वळू. मंगळावर कालवे आहेत, ते कुणी शहाण्या जिवांनी खोदले आहेत, असे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही खगोलशास्त्रज्ञ मानत. जुलै १९६५ मध्ये 'मरिनर-४' ने वीस-बावीस छायाचित्रे पाठवली. त्यांत कालवे नव्हते, चंद्रासारखे खड्डे होते. जग हिरमुसले. मग १९७१ मध्ये 'मरिनर-९' मंगळाभोवती फिरू लागले तेव्हा सारा ग्रह धुळीच्या वादळात बुडालेला होता. यानाने वाट पाहिली. धूळ खाली बसली तेव्हा वीस किलोमीटरहून उंच ज्वालामुखी दिसला आणि कोरड्या नद्यांची पात्रेही दिसली. २०१२ मध्ये उतरलेल्या 'क्युरिऑसिटी' गाडीला गोल गुळगुळीत गोटे सापडले. आपल्या नदीकाठी सापडतात तसे, पाण्याने वाहून आणून घासलेले. म्हणजे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी जल्लादाच्या अंगणात पाणी खेळत होते.

ते गेले कुठे? काही जमिनीत गोठले, काही खनिजांत मुरले आणि काही हवेबरोबर उडाले. मंगळाचे चुंबकीय कवच फार पूर्वी नाहीसे झाले. मग सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या वाऱ्याने त्याची हवा हळूहळू खरवडून नेली. २०१४ मध्ये मंगळावर पोहोचलेल्या 'मेव्हन' यानाच्या मोजमापांनी हे दाखवून दिले. आज तिथली हवा आपल्या एक टक्क्याहूनही विरळ आहे. 'मेव्हन' पाठोपाठ दोनच दिवसांनी, २४ सप्टेंबर २०१४ रोजी, आपले मंगळयानही तिथे पोहोचले. सहा महिन्यांसाठी पाठवलेले ते यान २०२२ पर्यंत संपर्कात राहिले. ते श्रीहरिकोटाहून निघाले तो ५ नोव्हेंबर २०१३ चा दिवस मंगळवार होता! पत्रिकेतल्या मंगळाला भिणाऱ्या देशाने पहिल्याच प्रयत्नात मंगळ गाठला.

आणि शनी? साडेसातीचे गणित साधे आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींत ती वाटली की एका राशीला अडीच वर्षे, तीन राशींना साडेसात. आकाशात सावकाश चालतो, एवढाच त्याचा गुन्हा. २००४ मध्ये 'कॅसिनी' यान शनीपाशी पोहोचले. त्याची सुप्रसिद्ध कडी मुख्यतः पाण्याच्या बर्फाची. विस्तार लाखो किलोमीटरचा, पण जाडी बहुतेक ठिकाणी दोन-चार मजली घराएवढी. जानेवारी २००५ मध्ये कॅसिनीसोबत गेलेले 'हायगेन्स' हे छोटे यान टायटन या चंद्रावर उतरले. तिथे मिथेनचा पाऊस पडतो, मिथेनचीच तळी आहेत. त्याच वर्षी एन्सेलॅडस या जेमतेम ५०० किलोमीटर रुंदीच्या चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरून वाफेचे आणि बर्फकणांचे फवारे उडताना दिसले. आत खाऱ्या पाण्याचा समुद्र आहे आणि जिवाला लागणारी कित्येक द्रव्येही आहेत. जीव आहे की नाही ते अजून ठरायचे आहे. पण आज पृथ्वीबाहेर जीव शोधायच्या जागांच्या यादीत शनीच्या या चंद्राचे नाव अगदी वर आहे.

सगळ्यांत शुभ मानलेल्या शेजाऱ्याकडे भट्टी आणि सगळ्यांत अशुभ मानलेल्याच्या दारात पाणी! जुना हिशोब असा उलटा झाला. मात्र नवा उलटा हिशोब मांडण्यातही अर्थ नाही. ग्रह शुभही नसतात, अशुभही नसतात. प्रत्येकाचे पाणी, हवा आणि उष्णता यांचा एक इतिहास असतो. यानांनी तो वाचायला शिकवला.

हे वाचन आपल्याच घरी कामाला आले. जेम्स हॅन्सन हे अमेरिकी शास्त्रज्ञ आधी शुक्राच्या वातावरणाचा अभ्यास करत होते. तिथून ते पृथ्वीच्या हवेकडे वळले आणि जून १९८८ मध्ये अमेरिकेच्या सिनेटपुढे त्यांनी सांगितले की पृथ्वी तापू लागली आहे. मंगळावरच्या त्या धुळीच्या वादळात जमीन थंड पडते, हे 'मरिनर-९' ने टिपले होते. त्या अभ्यासातून पुढे कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये इशारा दिला की अणुयुद्ध झाले तर जळत्या शहरांचा धूर सूर्य झाकेल आणि पिकांना थंडी मारून टाकेल. एका ग्रहाने उष्णतेचा धडा दिला, दुसऱ्याने अंधाराचा.

पृथ्वीचा शुक्र उद्या होणार नाही, एवढे खरे. पण कारखाने सुरू होण्यापूर्वी आपल्या हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, ते आता ४२० च्या पुढे गेले आहेत. खडकांत लाखो-कोट्यवधी वर्षे नीट पुरून ठेवलेला कार्बन आपण उकरून हवेत सोडत आहोत. भ्यायचेच असेल तर या आकड्याला भ्यावे. त्याला शांत करायला तेल वाहून किंवा खडा घालून चालणार नाही. आणि या आकड्यासाठी कुणा मुलीचे लग्न अडवण्याचीही गरज नाही.

जाता जाता 'कॅसिनी'चा शेवट सांगतो. इंधन संपत आले तेव्हा शास्त्रज्ञांपुढे प्रश्न होता की हे यान भरकटत एन्सेलॅडसवर किंवा टायटनवर आदळले तर? पृथ्वीवरून चिकटून गेलेला एखादा सूक्ष्मजंतू तिथले स्वच्छ पाणी नासवील. म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांनी ते यान मुद्दाम शनीच्या वातावरणात घातले आणि जाळून टाकले. शंभर कोटी किलोमीटरहून दूर, ज्या पाण्यात एक तरी जीव आहे की नाही ते ठाऊक नाही, त्या पाण्याची माणसाने एवढी काळजी घेतली. ही काळजी घेता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आपल्या हवा-पाण्यात तर किती जीव आहेत, ते मोजूनही संपत नाहीत.