औषध घेणारा कामगार गुन्हेगार नव्हे
(बगरू, जिल्हा जयपूर येथील भाषण)



इथे राजस्थानात परवान्यावर मिळणारा अफूच्या बोंडांचा डोडा-पोस्त १ एप्रिल २०१६ पासून बंद झाला. दुकाने बंद झाली, पण वर्षानुवर्षांची सवय एका दिवसात कशी सुटणार? अंगदुखी, जुलाब, रात्रभर जागरण. मग कामावर खाडे. यावर मेथाडोन हे औषध आहे. रोज एकदा, केंद्रातच प्यायचे. दिवसभर तलफ आवरते. भारतात ते २०१२ साली दिल्लीच्या एम्समध्ये सुरू झाले, मुंबईच्या केईएममध्येही आले. ‘एक नशा सोडून दुसरी’ म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, रोज रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणतो का? गाडी चालवणाऱ्याला डॉक्टर सांगेपर्यंत दुसरे काम द्यावे, हे आम्हाला मान्य. पण पगार कापून नाही. औषधाला गेलेल्या वेळेची गैरहजेरी लावू नये, असा ठराव प्रत्येक शाखेने लिहून पाठवावा.