‘राखीव’ म्हणजे कोणी, कोणासाठी राखलेलं?

(पिंगळीच्या शिबिरात केलेलं भाषण, आठवून लिहून काढलं आहे)



इथं पिंगळीत जंगल नाही. स्टेशनावर उतरलं की सगळी काळी रानं. आपण जिंतूरकडून, हिंगोलीकडून, किनवटकडून आलोत, कारण रेल्वे इथं सगळ्यांना जवळ पडते. म्हणून जंगलाची गोष्ट जंगल नसलेल्या गावात सांगतो.

मी बारावीपर्यंत शिकलो. इंग्रजीत जेमतेम पास. पण परभणीत रद्दीच्या दुकानात एक जुनी इंग्रजी डिक्शनरी मिळाली, पुठ्ठा गेलेला, वाळवीनं कोपरा खाल्लेला. ती घेतली एका रागापायी. आमच्या आज्याचा वनहक्काचा दावा परत आला होता. टेबलामागच्या साहेबानं सांगितलं, “तुमचा गट राखीव वनात आहे, तिथं दावा चालत नाही.” आजा गप घरी आला. मला म्हणला, “राखीव म्हंजी काय रं? राखलं तर आम्हीच हाय की.”

मग मी ‘रिझर्व्ह’ काढून बघितला. ‘सेर्वारे’ असा लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ राखणे. त्याच्यातूनच रिझर्व्ह, प्रिझर्व्ह, कन्झर्व्ह सगळे निघाले. आपण सुगीत माळ्यावर बसून गोफण फिरवतो, ती राखण. शब्द तोच. फरक एवढाच की आपल्या राखणीत राखणारा आणि खाणारा एकच असतो.

पुढं ‘फॉरेस्ट’ बघितला तर चकितच झालो. त्याचा जुना अर्थ झाडीचं रान असा नव्हताच! इंग्लंडच्या राजानं शिकारीसाठी वेगळी काढलेली जमीन म्हणजे फॉरेस्ट. त्यात गावं यायची, शेतं यायची. त्या जमिनीचे शब्द पण निराळे. ‘व्हर्ट’ म्हणजे हरणाला आडोसा आणि चारा देणारा हिरवा पाला. तो तोडला की गुन्हा. ‘वॉरन’ म्हणजे सशांसारख्या बारीक शिकारीसाठी राखलेली जागा. आणि लोकांचेही शब्द होते. ‘एस्टोव्हर्स’ म्हणजे सरपण, कुडाची काठी, घराचं लाकूड घ्यायचा हक्क. ‘पॅनेज’ म्हणजे रानात डुकरं चारायचा हक्क. म्हणजे गोऱ्या लोकांच्या बायाही मोळ्या आणत होत्या आणि त्यांनाही रखवालदार अडवत होता. तिथल्या लोकांनी तगादा लावला, तेव्हा 1217 साली राजाला जंगलाची वेगळी सनद लिहून द्यावी लागली. हरीण मारलं म्हणून कोणाचा जीव घ्यायचा नाही, हातपाय तोडायचे नाहीत, असं तिच्यात लिहिलं. सगळ्यांना मिळालं असं नाही. जे मालकाच्या जमिनीला बांधलेले होते, ते बाहेरच राहिले.

त्याच इंग्रजानं इकडं येऊन काय केलं? 1878 च्या कायद्यात जंगलाचे तीन भाग केले: राखीव, संरक्षित आणि गावाचं. 1927 च्या कायद्यातही तेच. संरक्षितात जे मना केलं नाही ते चालतं. राखीवात जे परवानगीनं दिलं तेवढंच चालतं, बाकी सगळं बंद. तिसरं ‘गावाचं जंगल’ कागदावर होतं, पण गावांना ते फार कमी मिळालं. आपल्याकडं तेव्हा निजामाचं राज्य होतं, पण तिथंही जंगल सरकारनंच राखून घेतलं. जोडेघाटला कोमरम भीम 1940 साली लढता लढता गेला, तो याच राज्यात.

आता गंमत बघा. नोकरीत जागा राखीव, ती आपल्यासाठी. जंगल राखीव, ते आपल्यापासून. शब्द एकच.

पण मुद्द्याचं पुढं आहे, नीट ऐका. आजा परत आल्यावर आम्ही 2006 चा वनहक्क कायदा उघडला. कलम 2 मध्ये वनजमीन म्हणजे काय ते लिहिलंय. त्यात संरक्षित वन आहे, राखीव वन आहे, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानसुद्धा आहे. म्हणजे “राखीव आहे म्हणून दावा चालत नाही” हे साहेबाचं बोलणं कायद्यात कुठंच नाही. आपला ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा पाहिजे, ही अट आहे. आणि कलम 3 मध्ये सामूहिक जंगल राखण्याचा, वाढवण्याचा हक्क गावाला दिलाय. सरपण-चराईच्या हक्काला निस्तार म्हणा की आणखी काही, नाव कोणतंही असलं तरी चालतं, असं कायदाच म्हणतो. तुमच्या गावात जो शब्द आहे, तोच दाव्यात लिहा.

ज्यांचे दावे परत आले, त्यांनी तोंडी उत्तरावर घरी येऊ नका. का फेटाळलं ते कारणासह लेखी मागा. निर्णयावर 60 दिवसांत वरच्या समितीकडं अपील करता येतं, तारीख जाऊ देऊ नका. पुरावा एकच देऊ नका, दोन तरी द्या. जुनं घर, बांध, विहीर, देवाचं ठिकाण, मसणवाटा, हेही पुरावेच. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो, पण तो दावेदाराचा स्वतःचा नको, दुसऱ्या कोणाचा पाहिजे. म्हणून आज्याच्या दाव्यात शेजारच्या आजीचा जबाब लावलाय. तिनं अंगठा देताना विचारलं, “ह्याच्यात राखीव लिव्हलंय का?” मी म्हणलं, लिहिलंय, तुम्ही राखलं असं लिहिलंय.

जेवणानंतर मी चिंचेखाली बसतो. फेटाळलेले कागद ज्यांनी आणलेत त्यांनी तिथं या. कोरे कागद आणि शाईचा पॅड आहे.